वर्गातली वाणी

आमची सून वाणी घरी लेकीशी तमिळच बोलते, हे मला मुळीच खपत नाही. चार वर्षांची कीर्ती माझं मराठी ऐकून नुसती बघत राहते.

वाणी आधी इस्पितळात उशिरा बोलणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायची. म्हणूनच इथं तमिळनाडूत, आमच्या जवळच्या नाचियार्कोविल गावात, तिला आईबापांचा वर्ग घ्यायला दिलाय. काल मीही मागे जाऊन बसले. एका तेलुगू आईनं विचारलं, "लेकराशी कुठल्या भाषेत बोलू?"

"घरात आजी बोलते त्या. बाहेरची भाषा मूल शिकतंच. इतक्या मुलांत मी हेच पाहिलं," वाणी म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "वाणी, तुझी विद्या खरी गं. फक्त घरी येताना ती वर्गातच विसरतेस. आज कीर्तीपुढे ती वर्गातली बाई बसव. मला तीच सून हवी."