जपून ठेवलेली कॅसेट

मी एक जुनी कॅसेट आहे, आणि मित्रांनो, 'जपून' हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. माझं जे काही वाटोळं झालं, ते मला जपून ठेवल्यामुळे झालं.

कारखान्यातून मी निघाले तेव्हा दिसायला बरी होते. पारदर्शक पेटी, पोटात दोन चाकं आणि त्यांवर गुंडाळलेली तपकिरी फीत. एका शिंप्यानं मला विकत आणलं. त्याच्याकडे नवा टेपरेकॉर्डर आला होता आणि नवी वस्तू घरात आली की माणूस करतो तसंच त्यानं केलं. बटण दाबलं आणि बायकोला म्हणाला, "बोल काहीतरी."

बायको शेगडीपाशी उभी होती, तान्ही मुलगी कडेवर. ती म्हणाली, "अहो, बंद करा ते, दूध उतू जाईल. आणि ती कॅसेट त्या बाहेरच्या भिंतीतल्या कपाटात नका हं ठेवू. तिथं ओल येते. किती वेळा सांगायचं?" मग ती हसली, आणि दूध उतू गेलं.

एवढंच. वर्षाच्या आत ती तापानं गेली. तिचा दुसरा आवाज कुठेही नव्हता. शिंप्यानं मला पुन्हा लावायची हिंमत केली नाही. डोळे पुसले, मला रुमालात गुंडाळलं आणि जपून ठेवलं. कुठे? बाहेरच्या भिंतीतल्या कपाटात.

मित्रांनो, मी काय करणार? सगळी सूचना माझ्या पोटात होती. पण मला कोणी लावल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.

त्या कपाटात पावसाळाभर भिंतीला पाझर फुटायचा. माझ्या अंगावर एकावर एक ताटल्यांसारख्या रचलेल्या गाण्यांच्या तबकड्या होत्या. खालच्या वाकल्या, वरच्या मजेत. नंतर एक चकचकीत सीडी आली. "मी शंभर वर्षं टिकणार," असं ती येता-जाता सांगायची. तिच्या चंदेरी पाठीला भोकं पडली, तेव्हा बोलणं थांबलं. माझ्या फितीवर पांढरी बुरशी धरली. मला वाटलं, म्हातारपण आलं.

घर चालवायची शिंप्याची मोठी बहीण. मुलीची आत्या. बाई मनानं लाख, पण तिचा जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एकच इलाज: ऊन दाखवणे. गाद्यांना ऊन, धान्याला ऊन, सर्दी झालेल्या भाचीला ऊन. एक दिवस तिनं मलाही गच्चीत दोन रजयांच्या मध्ये मांडलं. संध्याकाळपर्यंत माझी पेटी केळ्यासारखी वाकली.

"आता कशी कोरडी ठणठणीत झाली बघ," ती भावाला म्हणाली.

"ताई, ही वाकडी झालीय."

"वाकडी असेल, पण कोरडी आहे."

मग मी पुन्हा त्याच कपाटात गेले. या वेळी सोबत डांबराच्या गोळ्या होत्या. मी काय लोकरीची बंडी आहे? शिंप्यानं नव्या बुटांच्या खोक्यातली ओल शोषणारी पुडी आणून माझ्या शेजारी ठेवली, तेव्हा मला प्रथमच या घराबद्दल आशा वाटली. दुसऱ्या दिवशी आत्यानं ती पुडी चिमटीत धरून बाहेर टाकली. तिच्यावर 'खाऊ नये' असं छापलं होतं. "घरात विष कोण ठेवतं?" ती म्हणाली.

तान्ही मुलगी मोठी झाली, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. बुरशी तिच्या रोजच्या ओळखीची. एका सुट्टीला तिनं विचारलं, "बाबा, आईचा आवाज कसा होता?"

"आहे ना घरात. जपून ठेवलाय."

तिनं कपाट उघडलं आणि मला उजेडात धरून बुरशी निरखली.

"लाव की," आत्या म्हणाली.

"आत्ता लावली तर फीत तुटेल, आत्या. आणि उन्हात नेऊ नकोस, तुझ्या पाया पडते."

तिनं मला घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं, सोबत त्याच विषाच्या मूठभर पुड्या. आत्यानं डब्याकडे संशयानं पाहिलं, पण हात लावला नाही. मी पूर्ण कोरडी झाल्यावर मुलीनं नाकाला फडकं बांधून मऊ कापडानं बुरशी टिपली. शिंप्यानं शिलाई मशीनचा बारका पेचकस आणला, 'वजन कमी करा' नावाच्या एका धडधाकट कॅसेटची पेटी उघडली आणि माझी फीत तिच्यात बसवली. बॉबिन भरणारा हात तो, एकही सुरकुती पडू दिली नाही. मला आयुष्यात प्रथमच कोणी नीट हाताळत होतं.

मग बटण दाबलं. आधी नुसती खरखर. "अहो, बंद करा ते" यातलं फक्त "अहो" उरलं होतं. दूध बुरशीनं खाल्लं होतं. पण पुढचं स्वच्छ आलं. कपाट, ओल, सगळं.

शिंप्याची नजर कपाटाकडे गेली.

"मीही हेच म्हणत होते," आत्या म्हणाली.

शिंपी उठला आणि ते कपाट रिकामं करायला लागला.

आता मी आतल्या खोलीत, भिंतीपासून दूर, कोरड्या डब्यात उभी असते. तबकड्याही उभ्या आहेत. मुलीनं माझी नक्कलही करून ठेवली आहे. दोन ठिकाणी, कारण तिला या घराचा अनुभव आहे.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं कोणीतरी जपून ठेवलेलं असणार. आजच बाहेर काढा. उन्हात नको, नुसतं बघा. बुरशी असेल तर लावायची घाई करू नका. कोरडं करा, पुसा, ऐका, नक्कल करा आणि मग नीट ठेवा. जपून नको, नीट.

मुलगी कामावरून आली की कधी कधी ती नक्कल लावते. आई विचारते, "किती वेळा सांगायचं?"

"अजून एकदा," मुलगी म्हणते, आणि पुन्हा सुरुवातीपासून लावते.