पत्र्यापलीकडच्या अक्षता

सोमवारची कहाणी कुणाला तरी ऐकवावी लागते. ऐकणारीनं मुठीत अक्षता धरायच्या, मधूनमधून हुंकार द्यायचा, कहाणी संपली की अक्षता देवावर टाकायच्या. नऊ वर्षं मी पाण्यानं भरलेला तांब्या समोर ठेवत होते आणि त्यालाच सांगत होते.

आधी माझी धाकटी जाऊ साळू ऐकायची. पोलिस ॲक्शननंतर दोघं भाऊ पाचोड सोडून इथं गुलमंडीमागं राहायला आले, तेव्हा व्रत आम्ही दोघींनी मिळून धरलं. अळणी उपास. पुढं साळूला दिवस गेले. लई मळमळायचं. एका सोमवारी तिनं भगरीवर चिमूटभर मीठ टाकलं. मी पाहिलं, बोलले नाही. पाचव्या महिन्यात तिचं पोट रिकामं झालं. भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सोमवारी मीठ खाल्लं होतंस ना गं."

एवढंच. आवाजही चढवला नव्हता.

पंधरा दिवसांत भाऊजींनी ओसरीच्या मधोमध पत्रा ठोकला. दोन चुली झाल्या. तेव्हापासून साळू मला आक्का म्हणाली नाही.

यंदाचा सोळावा सोमवार आला. पुढच्या सोमवारी उद्यापन, मग पुढच्या श्रावणापर्यंत कहाणी बंद. ओसरीवर पत्र्यालगत देवापुढं मी तांब्या मांडत होते, तेवढ्यात शेजारची अख्तरी कोथिंबीर मागायला आली.

"मनकर्णाबाई, ये लोटा हुंकारा देता क्या? चावल मेरेकू देव, मैं सुनती."

"बस की. पण मधीच उठायचं नाय."

"मैं नै उठती. उधर भी कोई उठता नै." तिनं पत्र्याकडं हनुवटी केली, आवाज बारीक केला. "तुमारी कहानी शुरू हुई के साळू का चूल्हा बंद. फुंकनी हात में लेके बैठी रैती. मैं छत पे से देखती ना, हर सोमवार."

अक्षतांची वाटी माझ्या हातातच राहिली.

"फिर चावल मेरेकू कायकू देते?" अख्तरी म्हणाली.

पत्र्याखाली पाणी जायला वीतभर फट आहे. मी वाटी त्या फटीतून पलीकडं सरकवली आणि सांगायला बसले. कहाणीत दोन जावा आहेत. त्यांच्यापाशी आले आणि नेहमीचे शब्द सुचेनात.

"थोरली म्हणाली, मिठामुळं झालं," मी म्हणाले. "आई गं, चिमूटभर मिठावर देव रागावतो का? पाप थोरलीच्या जिभेचं होतं. नऊ वर्षं ती तांब्याला सांगते आहे. जिला सांगायचं, तिला सांगायचं धाडस नव्हतं."

हुंकार आला नाही. पुढची कहाणी मी कशीबशी संपवली, हात जोडले.

पलीकडं फरशीवर वाटी घासली. मग पत्र्यावरून मूठभर तांदूळ आले. थोडे देवावर, थोडे माझ्या डोक्यावर.

"साळू?"

फुंकणीचा आवाज सुरू झाला. बराच वेळ चूल काही पेटेना.

अख्तरीनं पदरानं नाक पुसलं. "अब कोथमीर तो देव, बाई."

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "उद्यापनाला गुरुजींना सांगून येऊ?"

"नको," मी म्हणाले. "आणखी सोळा करते."

वाटी अजून पलीकडंच होती.