स्वखुशीने बंद

आमची सरकारी टेलिफोन कंपनी विकायला काढली, तवा साताऱ्याच्या हापिसाफुडं घसा बसंपातूर मी घोषणा दिल्यात. "खाजगीवाले डोंगरातल्या माणसाचे फोन तोडतील!" असं माईकवर सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता कुणी त्या दिवसाचं नाव काढलं की मी उठून जातो. कारण आमच्या मेढ्याच्या डोंगरातला शेवटचा फोन मी तोडला. मी, कृष्णात लाइनमन.

विक्रीचा तमाशा चार वर्सं चालला. एकदा गिऱ्हाईकच आलं न्हाई. एकदा युनियन कोर्टात गेली. शेवटी आमच्या भागातल्या लाइनी एका खाजगी कंपनीकडं गेल्या, आमाला घरी बसवलं, आणि म्हैन्याभरात मी त्याच कंपनीच्या ठेकेदाराकडं कामाला लागलो. जुनी पक्कड, नवी टोपी. युनियनचं कुणी रस्त्यात दिसलं की मी गाडी दुसऱ्या गल्लीत घालायचो.

शालाक्काची वस्ती मेढ्यापासनं वर, गाडी खाली लावून तासभर चढण. मोबाईलची रेंज तिथं आजबी न्हाई. चार घरांतली तीन कुलूप लावून मुंबईला गेलेली. ऱ्हायली शालाक्का, तिच्या दोन म्हशी आणि कोनाड्यातला फोन. लेक विश्वजित मिलिटरीत. दर रविवारी सकाळी अकराला त्याचा फोन यायचा. तिला नंबर फिरवायला येत न्हवता, आलेला फोन उचलायचा एवढंच ठावं. वाऱ्यावादळात तार तुटली की मी चढून जायचो, जोडून द्यायचो आणि तिच्या हातची भाकरी खाऊनच खाली यायचो.

आमच्यात एक रीत व्हती. दुरुस्ती झाली की "फोन चालू झाला" अशा चिठ्ठीवर गिऱ्हाइकाची सही लागायची. शालाक्का कवा रानात, कवा म्हशींमागं. मग ती चार-पाच कोऱ्या कागदांवर आधीच अंगठं उठवून द्यायची. "घे रं, पायजे ते लिव्ह. तू काय माझं वंगाळ करणार हायस व्हय?" असं म्हणायची वर. सगळेच लाइनमन असं करायचे. कुणाला त्यात काय वावगं वाटत न्हवतं.

गेल्या मार्गशीर्षात सांगलीवरनं कंपनीच्या राजेश्वरी मॅडम आल्या. वयानं माझ्या पोरीएवढ्या, पण हुद्द्यानं माझ्या वर. म्हणाल्या, "काका, या एक्स्चेंजवर एकच फोन चालू आहे. तो बंद झाला की एक्स्चेंज बंद करता येईल. शुक्रवारपर्यंत ग्राहकाचा अर्ज आणा. आणि बाईंना नीट समजावून सांगा हं." वंगाळ न्हवती ती. जा, बोल, विचार, एवढंच तिचं म्हणणं. पण शालाक्का काय ऐकणार न्हाई, हे मला पक्कं ठावं. आणि अर्ज न्हाई आणला तर ह्या वयात परत घरी बसावं लागंल, ह्याची धास्ती. जुन्या पिशवीत तिच्या अंगठ्याचा एक कागद ऱ्हायला व्हता. घरात बसून, चहा पीत पीत, मी त्याच्यावर लिवलं: "मला फोनची गरज उरलेली नाही. माझ्या स्वखुशीने बंद करावा." अक्षर लय सुरेख काढलं. त्या सुरेख अक्षराची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटती.

शनिवारी एक्स्चेंजमदनं तिची जोडणी मीच काढली.

पुढच्या बुधवारी दुधाच्या जीपवाल्याकडं तिचा निरोप आला, "कृष्णातला सांगा, फोन मुका झालाय." मी उलटा निरोप धाडला, "केबल तुटलीय, काम चालू हाय." आठ दिसांनी परत निरोप, "लवकर ये म्हणावं, लेकाला जरुरीचं सांगायचंय." मी परत केबलच सांगितली. तिसऱ्यांदा जीप दिसली, तवा मी चक्क हापिसातल्या संडासात जाऊन बसलो. पन्नाशी उलटलेला बाप्या! थूत तुझ्या जिनगानीवर, असं स्वतःलाच म्हणलो, पर जीप जाईपातूर भाईर आलो न्हाई.

म्हैन्यानं ती स्वतःच डोंगर उतरून माझ्या घरी आली. हातात पाकीट. "पोस्टमननं दिलंय. वाचून दाव बाबा. घरातली गोष्ट, परक्याकडं कशाला जाऊ?" माझी बायको मंगल चहा टाकायला परसातल्या चुलीकडं गेली. मी पाकीट फोडलं आणि वाचायला लागलो.

"आई, प्रांजलशी लग्न करायचं म्हटलं तर 'असली सून मला नको' म्हणून तू फोन आपटलास. पुढच्या रविवारी फोन लागलाच नाही. मी टेलिफोन कंपनीत चौकशी केली. तुझ्याच अर्जावरून, स्वखुशीने बंद केला, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे माझा आवाजसुद्धा तुला नको. गुरुवारी आम्ही रजिस्टर लग्न केलं. आता तुला त्रास देणार नाही. तुला काही झालं तर मला कळावं, म्हणून माझा नंबर खाली लिहितो."

"कसला अर्ज?" शालाक्का म्हणाली. "आरं, मी तर त्याला व्हय म्हणायला बसले व्हते! त्या रविवारी सकाळपासनं फोनम्होरं. दुसऱ्या जातीची हाय, असूं दे. नर्स हाय, माझ्या लेकाची दुखणी काढंल, म्हणलं. मी कुठला अर्ज दिला, कृष्णात?"

केबलचं नाव परत जिभंवर आलं. खरंच आलं, लपवत न्हाई. पण ती माझ्याकडं अशी बघत व्हती, की मी आता सगळं निस्तरून देणार. माझ्याच्यानं झालं न्हाई.

"मी लिवला, आक्का. तुमच्या अंगठ्याच्या कागदावर."

तिनं फाडदिशी माझ्या कानाखाली वाजवली. "मुडद्या! भाकरी घातली रं तुला, पोटच्यागत!" आणि उंबऱ्यावर मटकन खाली बसली. मी पत्रातला नंबर मोबाईलवर लावला आणि तिच्या हातात दिला. म्हणलं, आता सांगंल. सांगू दे. सुटंन एकदाचा.

"इस्वजित? आई बोलतीय... व्हय रं. अर्ज मीच दिला. रागाच्या भरात दिला, डोस्कं फिरलं व्हतं माझं. चुकलं... दे, सूनबाईला दे." मग ती लय वेळ नुसती ऐकत ऱ्हायली. "ये बाई, घर तुझंच हाय," म्हणाली आणि मोबाईल माझ्या हातात दिला. तो बंद कसा करत्यात, तिला ठावं न्हवतं.

"आवं आक्का, खोटं कशापायी बोलला?" मी हळू आवाजात विचारलं.

"त्यो आईवर चार दिस रुसंल. तुझं नाव घेतलं आसतं तर पोलिसात गेला आसता. परसात मंगल हाय. तिनं काय केलंय?" पदरानं तोंड पुसून ती उठली आणि मागं न बघता चालू लागली.

मोबाईल अजून चालूच व्हता. पलीकडनं विश्वजित म्हणत व्हता, "हॅलो? आई? कोण आहे तिथं?" एक वाक्य बोलायचं व्हतं मला. मी लाल बटण दाबलं.

मंगल चहा घेऊन भाईर आली. "आक्का गेल्या व्हय? काय लिवलं व्हतं पत्रात?"

"त्यांच्या लेकाचं लगीन झालं," मी म्हणालो आणि तिच्या हातातली कपबशी घेतली.