तोआनला न्यायला

“आई, आटप गं लवकर. इथे रस्त्यावर असं मांडून बसत नाहीत,” ल्येन दबक्या आवाजात म्हणाली.

“मग कुठे बसू? माझा पोरगा इथेच पडला ना?” आईने उंच इमारतीसमोर, लावलेल्या सायकलींच्या कडेला कागदी ताटलीत भात आणि उकडलेलं अंडं मांडलं, उदबत्त्या पेटवल्या.

चार वर्षांपूर्वी ही इमारत बांधताना ल्येनचा मोठा भाऊ तोआन परांचीवरून घसरला होता. अस्थी व्हिएतनामला गेल्या. जीव मात्र जपानातच घुटमळतोय, असं गावात सगळे म्हणत. आईला तो एकदाही स्वप्नात दिसला नव्हता. अशा माणसाला तो गेला त्या जागी जाऊन हाक मारावी लागते, तेव्हा तो घरी येतो.

आणि ल्येन बिचारी समजत होती, आईबाबा आपल्याला भेटायला येताहेत! ती काम करायची त्या वृद्धाश्रमातल्या साहेबिणीच्या नाकदुऱ्या काढून तिने रजा मिळवली होती, नव्या गाद्या आणल्या होत्या. पहिल्याच संध्याकाळी बाबांनी बॅगेतून कौल लावायची दोन जुनी काळपट नाणी काढली, एका बाजूला चुना फासलेली, तेव्हा तिला कळलं, ते तोआनसाठी आलेत.

आता बाबांनी ती नाणी दुसऱ्या, रिकाम्या ताटलीत टाकली. एक पांढरं, एक काळं पडलं तर होकार.

“तोआन, चल बाळा, घरी.”

दोन्ही काळी. पुन्हा टाकली. दोन्ही पांढरी.

“हसतोय कार्टा,” बाबा म्हणाले. “लहानपणीही हाक मारली की लपून खिदळायचा.”

आई हसली नाही. तिने ल्येनकडे पाहिलं. “रोज दार उघडताना तू कुणाला सांगतेस गं, ‘दादा, आले’ म्हणून?”

“सवय आहे नुसती.”

“आणि आपण तिघं असताना चौघांचा भात लावतेस, तीही सवयच?”

खोटं किती बोलणार? तोआन तिच्या खोलीत होता. ती कामावरून शिणून आली की कोपऱ्यात कुणी हलकेच खाकरायचं. त्याची तिला भीती नव्हती. तो नसेल, याची होती.

“तुम्हाला अख्खं गाव आहे, आई. मला इथे कोण आहे?”

“तू जिवंत आहेस बाई, तुला कुणीतरी मिळेल. त्याला आमच्याशिवाय कोण?” आईचा आवाज चिरकला. “सोड त्याला. तू म्हटल्याशिवाय तो हलायचा नाही.”

ल्येन ताटलीपाशी उकिडवी बसली.

“जा दादा. आई आलीये न्यायला. माझी काळजी करू नकोस, जेवते मी वेळेवर.”

बाबांनी नाणी टाकली. एक पांढरं, एक काळं. आईने गळपट्टा पदरासारखा तोंडात कोंबला आणि ती हमसून हमसून रडली.

परतीच्या दिवशी बाबांनी विमानतळाच्या बसची तीन तिकिटं काढली. “जपून चढ रे, पायरी उंच आहे,” ते मागे वळून म्हणाले.

चालकाने पट्टे बांधायला सांगितले. आईने आधी खिडकीजवळच्या रिकाम्या जागेचा पट्टा बांधला, मग स्वतःचा. बाहेर ल्येन हात हलवत होती. आई त्या जागेकडे वळून काहीतरी सांगत होती. काचेतून ऐकू येत नव्हतं. बस निघाली, तरी तिचं सांगणं चालूच होतं.