दहापैकी दोन

नेरच्या शाळेत वामनराव सरांनी मला आणि वर्गातल्या कोकिळाला दोन कुंड्यांत सरकीचे दहा-दहा दाणे लावायला सांगितले. माझ्या कुंडीत शेण चोळलेले, कोकिळाच्या कुंडीत कोरडे. बाकी सगळं सारखं ठेवायचं, ही ताकीद. आठ दिवसांनी तिचे नऊ उगवले, माझे दोन.

"शेणानं सरकी मरते, असं फळ्यावर लिही," सर म्हणाले.

मी खडू मुठीत आवळून उभी राहिले.

"काहून थांबली, नलू?"

"खोटं आहे म्हणून, सर. माय वावरात शेण चोळूनच सरकी पेरते. कोकिळा रोज शाळेच्या माठातून कुंडीले पाणी घेते. आम्ही बौद्ध झालो, तरी मले माठ शिवू देत नाही. कोणी वरून ओतलं तरच माझ्या कुंडीले पाणी."

सरांनी छडी उचलली. "कोण शिवू देत नाही?"

"तुम्ही, सर."