डाव्या खांद्यावरचा लाल ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी डमी आहे. शिंप्याच्या दुकानात अर्धवट शिवलेला कपडा घालून बघायला जिला उभी करतात, ती. मला हात नाहीत, डोकं नाही, आणि पायाच्या जागी एक लाकडी दांडा आहे. डोकं नसल्यामुळे मला कोणी काही विचारत नाही आणि माझ्यासमोर सगळेच मोकळेपणानं बोलतात. मला दिसतं कसं, असं तुम्ही विचाराल. पडद्याला जसं ऊन कळतं, तसंच मलाही कळतं. याहून नीट मला सांगता येणार नाही.

माझा जन्म एका लग्नानंतर पंधरा दिवसांनी झाला. मास्तर तेव्हा तरुण होते आणि दुकान नवं होतं. विकतची डमी परवडण्यासारखी नव्हती, म्हणून त्यांनी आपल्या नव्या नवरीला जुना बनियन घालून खोलीच्या मध्यभागी उभं केलं आणि खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या तिच्या अंगावर चिकटवत गेले. ती दोन तास हलली नाही. फक्त एकदा म्हणाली, "नाक खाजतंय." मास्तरांनी खाजवून दिलं. कागद वाळल्यावर पाठीतून चीर देऊन तो साचा उतरवला, आत चिंध्या ठासल्या, वरून मांजरपाट चढवला, आणि मी झाले.

म्हणून तिचं जे, ते माझं. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धं बोट खाली होता. लहानपणी त्याच खांद्यावर धाकट्या भावंडांना घेऊन फिरायची म्हणे. माझाही डावा खांदा अर्धं बोट खाली आहे. घरात तिच्यामागून लगेच मी आले, पण थट्टेत नाव मलाच मिळालं, थोरली.

आमचं काम ठरलेलं होतं. मास्तर कापायचे, शिवायचे, आणि बाह्या ती लावायची. बाही लावणं हे सोपं काम नाही, मित्रांनो. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या भोकापेक्षा, थोडा मोठा असतो. तेवढं जास्तीचं कापड एकही चुणी न पाडता आत मुरवावं लागतं, नाहीतर हात वर केला की कपडा काखेत धरतो. ती आधी हातानं बारीक धावदोरा घालायची, दोरा हलकेच ओढायची, माझ्या खांद्यावर तळवा ठेवून कापड बसवायची आणि मगच मशीनवर घ्यायची. दुपारी दोन ते चार, रोज. त्या तळव्याची ऊब मांजरपाटातून आत चिंध्यांपर्यंत पोचायची. दुकानात येणाऱ्या बायका माझ्या अंगावरचा फ्रॉक चिमटीत धरून बघायच्या, घेर मोजायच्या, खिशात हात घालून हसायच्या. कित्येक वर्षं मी अशी बोटांच्या झुळुकीत उभी होते.

मग जिन्यावरून तिचा पाय घसरला आणि खुबा मोडला. ती वरच्या खोलीत गेली ती वरच राहिली. खाली रस्त्यावरची गिऱ्हाइकंही कमी होत गेली. तोवर घरात सून आली होती. चलाख, भराभर बोलणारी आणि सासूला मनापासून जपणारी. तिनं पुढचं दुकान भाड्यानं दिलं, मागच्या खोलीत एक टेबल मांडलं, त्यावर कॉम्प्युटर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, आता दुकान इथे." मास्तरांनी टेबलाखाली वाकून बघितलं. "गिऱ्हाईक कुठून आत येणार?" असं त्यांनी विचारलं, पण मिश्कीलपणे.

मला निळा घेरदार फ्रॉक घालून खिडकीपाशी उभं केलं आणि फोटो काढले. दोन खिशांचा तो फ्रॉक आमच्या नवरीनं, म्हणजे आता सासूबाईंनी, स्वतःच्या डोक्यानं बेतलेला. दुकानाची ओळखच तो. त्या दिवसापासून मी एका जागी उभी राहून कुठे कुठे जाऊ लागले. कोणाच्या स्वयंपाकघरात, कोणाच्या गाडीची वाट बघण्याच्या वेळेत, कोणाच्या उशीपाशी. पण मला एक चुटपुट लागली. बोटं आता मला लागत नव्हती.

एके सकाळी सुनेनं स्क्रीनवर माझाच फोटो उघडला आणि त्यावर रंग उमटलेले मी पाहिले. ती मास्तरांना समजावून सांगत होती, तशी मीही शिकले. दुकानात कोणी आलं की वेबसाइट टिपून ठेवते. किती वेळा कोणी आलं, कुठल्या फोटोपाशी रेंगाळलं, फ्रॉक कार्टमध्ये टाकून तसाच सोडून गेलं का, कुठल्या पानावरून परत फिरलं. कोण आलं ते कळत नाही, पाऊल कुठे पडलं ते कळतं. आणि फोटोवर जिथे बोटं जास्त थांबतात, फोटो मोठा करून बघतात, तिथे रंग चढत जातो. निळा, हिरवा, पिवळा, लाल. याला ती हीटमॅप म्हणायची. मी त्याला उबेचा नकाशा म्हणू लागले. न दिसणारी माणसं न लागणाऱ्या बोटांनी मला शिवत होती, आणि ती ऊब स्क्रीनवर उमटत होती. मला तर ते उन्हातल्या डुलकीत पडलेल्या स्वप्नासारखं वाटायचं.

सगळ्यात लाल होता माझा डावा खांदा.

"बाबा, लोकांना खांदा आवडतोय," सून म्हणाली.

"खांद्यात काय आवडायचंय?" मास्तर म्हणाले. "खिसे बघा म्हणावं."

"आकडे खोटं बोलत नाहीत."

"बोलत नाहीत, तेच म्हणतोय मी. मुके असतात."

पण सुनेनं ऐकलं नाही. तिनं डाव्या खांद्याचा खास जवळून फोटो काढला, चांगला स्क्रीनभर मोठा, आणि वेबसाइटच्या पहिल्याच पानावर लावला. झालं उलटंच. फ्रॉक आणखी कमी खपू लागला. जे थोडे गेले, त्यातलेही काही परत आले. प्रत्येक पार्सलमध्ये तीच चिठ्ठी होती, "काखेत धरतो." सुनेला वाटलं, मापाचा तक्ता चुकला. तिनं तक्ता बदलला. फोटोतला उजेड वाढवला. डावा खांदा लालच.

अखेर एका दुपारी ती कपाळाला हात लावून बसली. "बाबा, महिन्यात एकशे अठरा भेटी आणि गेले फक्त पाच. एवढे लोक बघतात आणि घेत नाहीत, म्हणजे फ्रॉकच नको आहे त्यांना. महिनाअखेर बंद करू या."

मास्तर कात्रीला तेल देत होते. देतच राहिले. मग पाती पुसत म्हणाले, "वर सांगू नकोस."

"नाही सांगत. आणि या थोरलीचं काय करायचं? बाकीचे कपडे आता नव्या पुतळ्यावर घालतो आपण. हिला हा एकच फ्रॉक बसतो."

मला डोकं असतं तर मी खाली घातलं असतं.

दिवस मोजायला मला भिंतीवरची उन्हाची पट्टी पुरते. महिनाअखेर आठ पट्ट्यांवर आली, तेव्हा एक छोटीशी गोष्ट घडली. सासूबाईंच्या टॅबलेटचा चार्जर बिघडला. गाणी ऐकता यावीत म्हणून सुनेनंच तो टॅबलेट त्यांना दिला होता. चार्जर दुरुस्तीला गेला तो चार दिवसांनी आला. सून तो वर देऊन आली आणि खाली बसून तिनं आकडे उघडले. बघते तर काय, त्या चार दिवसांत फ्रॉककडे जेमतेम कोणी फिरकलं होतं. डाव्या खांद्यावर रंगाचा टिपूस नाही. आणि आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत, कोपऱ्यात आकडा हलला. या पानावर आत्ता एक जण.

घड्याळात दोन वाजले होते.

सुनेनं भेटींच्या शेजारचा रकाना पहिल्यांदाच नीट बघितला. त्या दुपारच्या हिशेबात भेटी एकशे अठरा, पण माणसं बावीस. एकवीस जणांची एकेक भेट आणि एकाच माणसाच्या सत्त्याण्णव. स्वतःचा कॉम्प्युटर मोजायचा नाही, एवढं तिनं त्या मोजणीला सांगून ठेवलं होतं. वरचा टॅबलेट तिच्या गावीही नव्हता.

ती उठली आणि जिना चढली. जिना माझ्या पाठीमागेच आहे. वरचं बोलणं पायऱ्या उतरून खाली येतं.

"आई, काय बघताय?"

"काही नाही गं. वेळ घालवते."

"महिनाभर? एकाच खांद्यावर?"

"तुला कसं कळलं?"

"खाली दिसतं. लाल."

"अगं बाई. मी काय बघते ते खाली दिसतं?"

"कोण बघतं ते नाही दिसत. कुठे बघतं ते दिसतं. चुकलंच माझं, तुम्हाला सांगायला हवं होतं."

"मग कोण ते विचारायला यायचं होतंस की. चौदा तर पायऱ्या आहेत."

सासूबाईंनीच पुढे सुरू केलं. "बोलू का? तुझ्या कामात नाक खुपसायचं नाही, असं मी ठरवलंय."

"बोला हो."

"बाही ओढून लावलीय. हे बघ, फोटो मोठा केला की चुण्या दिसतात. रोज बघते, वाटतं आज तरी सुधारली असेल. उलट परवा तू त्याच चुण्या पहिल्या पानावर टांगल्यास. मी म्हटलं, आता काय दुकानावर पाटीच लावली."

"बाह्या बाबा लावतात."

"माहितेय. म्हणूनच गप्प बसले. या वयात माणसाला काय सांगायचं, आणि तेही जिन्यावरून."

"ऐकू येतंय मला," मास्तर खालून म्हणाले.

"ऐकू यावं म्हणूनच दार उघडं ठेवलंय," वरून उत्तर आलं. "धावदोरा घालत नाही ना तुम्ही?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी चुगली केली होती. "वेळ लागतो त्याला," ते पुटपुटले.

"मला आहे की वेळ. खुबा मोडलाय, हात नाही. थोरलीला वर पाठवा. सरळ खांद्यावर कोणीही बाही लावेल, तिचा डावा मला माहितेय."

सून धावत खाली आली, पण मला उचलण्याआधी खुर्चीत बसली. सत्त्याण्णव भेटी वजा करून तिनं आकडे पुन्हा बघितले. मग सावकाश म्हणाली, "बाबा, एकवीस जणांनी बघितला आणि पाच जणांनी घेतला. हे वाईट नाही, खूप चांगलं आहे. परत आले ते तिघांचे, आणि तिघांनीही काखेचंच लिहिलंय. फ्रॉक नको नव्हता कोणाला. बाही नको होती."

मग मास्तरांनी माझी कंबर धरली, सुनेनं दांडा धरला, आणि चौदा पायऱ्या चढून मी पहिल्यांदा वर गेले. सासूबाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांचे केस पांढरे झाले होते, माझा मांजरपाट पिवळा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तू नाही हो अंगानं सुटलीस, मीच सुटले." मग त्यांनी सुईत दोरा ओवला, तिसऱ्या खेपेला, आणि माझ्या डाव्या खांद्यावर तळवा ठेवला.

नव्या बाहीचे नवे फोटो निघाले. महिनाअखेर आली आणि गेली, फ्रॉक बंद झाला नाही. आता पार्सलं जातात, परत येत नाहीत. चिठ्ठी एकच आली, तीही, "खिसे आणखी खोल करा." त्यावरून मास्तर आठवडाभर ऐटीत होते. सुनेनं वरचा टॅबलेट मोजणीतून काढून टाकला, सासूबाईंना विचारून. आणि रोज आकडे बघून झाले की ती चहाचे दोन कप घेऊन जिना चढते.

मित्रांनो, मी चिंध्या ठासलेली एक जुनी डमी. मला फार कळतं असं नाही. तुम्ही मोठे झालात की पुष्कळ गोष्टी मोजाल. मोजा, जरूर मोजा. पण एखादा आकडा एकाच जागी अडून बसलेला दिसला, तर त्याच्यामागे कोणीतरी काहीतरी सांगायचं राहून थांबलेलं असेल. त्याच्यापर्यंत किती पायऱ्या आहेत ते बघा, आणि चढा. आणि घरात एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात उभी असेल, तर टाकून देण्याआधी तिच्या खांद्यावर एकदा हात ठेवून बघा.

खाली स्क्रीनवरच्या उबेच्या नकाशात लाल रंग आता खिशांवर चढतो. माझा डावा खांदा तिथे कोरा आहे. वर खिडकीपाशी मात्र, दुपारी दोन ते चार, तो रोज लाल असतो.