हाजींच्या बागेतला पतंग

बलुचिस्तानातल्या केचच्या खोऱ्यात खजुरातलं सगळं कळणारा एकच माणूस होता, तो म्हणजे आपण, असं माझे सासरे हाजी ग्वहराम म्हणत. दुसरं कुणी म्हणत नसे. मी अकरा वर्षं त्यांच्याकडे जेवत होतो, म्हणून मान डोलवायचो.

त्या साली फळं हरभऱ्याएवढी झाली आणि लाल पडून सुकायला लागली. सासऱ्यांनी शंबेला बोलावलं. झाडावर चढून फुलोऱ्यात पराग घालणारा तोच.

“तुझ्या हाताला बरकत नाही,” ते म्हणाले.

शंबेनं तळहात पुढे केला. तांदळाच्या दाण्याएवढा, राखाडी, मेलेला पतंग. “वाजा, मालक, याची अळी देठाशी फळात शिरते. शेंड्यातला जुना कचरा काढू द्या, घोसांना जाळी बांधू द्या.”

“हा माझी बाग खाणार? फुंकरीनं इराणात जाईल.”

“मग फुंका की वाजा. सत्तर झाडं आहेत.”

त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. मग सासऱ्यांनी झाडांना ताईत बांधले, बोकड कापला. बोकड आम्ही खाल्ला, फळं अळीनं.

शेजारच्या माहगंजनं, बारा झाडांची मालकीण असलेल्या विधवेनं, शंबेला कामावर घेतलं. ते सासऱ्यांना झोंबलं. “चढायला काय, गाढवसुद्धा चढेल,” म्हणत जुम्म्याच्या नमाजानंतर त्यांनी कमरेला दोर बांधला. वर गेले व्यवस्थित. खाली मात्र येईनात. खोडाला मिठी मारून बसले. गाव जमलं.

“हाजी, जेवण वरच पाठवू का?” माहगंजनं विचारलं.

शेवटी शंबेच चढला. उतरवण्याआधी त्यानं एक सुकलेलं फळ फोडून त्यांच्या नाकापुढे धरलं. आत गुलाबी अळी वळवळत होती.

“दिसली, वाजा?”

“चष्मा खाली राहिलाय.”

चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

जमिनीवर पाय टेकल्यावर आभार वगैरे काही नाही. “झाड वाकडं आहे,” एवढंच बोलले.

हंगामात माहगंजचे घोस दोन माणसांनी उचलावे लागले. आमच्या चटईवर पडलं ते शेळ्यांनीही हुंगून सोडलं. सासरे पाहुण्यांना सांगत राहिले, यंदा वारा वाईट होता.

मला त्या घरी मान डोलवायचा वीट आला. या हिवाळ्यापासून मी माहगंजच्या बागेत शंबेच्या हाताखाली शेंडे साफ करतो. सासऱ्यांच्या अंगणातून मी स्पष्ट दिसतो. कुणी विचारलंच तर ते सांगतात, जावई परगावी गेलाय.